सूर्य, आयनांबर आणि रेडिओलहरी : एक आढावा

जमिनीपासून साधारण ६० किलोमीटरवर सुरू होऊन हजारेक किलोमीटर उंचीपर्यंत विरळ होत जाणाऱ्या, वातावरणाच्या विद्युतभारित भागाला आयनांबर म्हणतात. सूर्याचे अतिनील आणि क्ष-किरण तिथल्या अणुरेणूंतून इलेक्ट्रॉन सुटे करतात. हे सुटे इलेक्ट्रॉन रेडिओलहरीला वाकवून खाली परत पाठवतात, तिची ऊर्जा शोषून घेतात, किंवा तिला आरपार जाऊ देतात पण वाटेत थोडी रेंगाळवतात. कुठल्या वेळी काय होईल हे लहरीची वारंवारता आणि वाटेतल्या इलेक्ट्रॉनांची घनता या दोन गोष्टींवर ठरते. पहिली गोष्ट प्रक्षेपण करणाऱ्याच्या हातात असते, दुसरी सूर्याच्या. सूर्य खवळला की ही दुसरी गोष्ट कशी बदलते, याचा अभ्यास सुमारे शंभर वर्षे चालू आहे. सरासरीचे चित्र आता बरेच स्पष्ट झाले आहे. मतभेद उरले आहेत ते एका विशिष्ट वादळात, एका विशिष्ट ठिकाणी, एका विशिष्ट संध्याकाळी काय घडेल याबद्दल.

थरांचा शोध

१२ डिसेंबर १९०१ रोजी इंग्लंडमधल्या पोल्ढूहून निघालेला संदेश न्यूफाउंडलंडच्या सिग्नल हिलवर ऐकू आल्याचे मार्कोनीने जाहीर केले. लहर सरळ रेषेत जाते आणि पृथ्वी तर गोल. मग संदेश अटलांटिकपार पोचला कसा? पुढच्याच वर्षी अमेरिकेत आर्थर केनेली आणि इंग्लंडमध्ये ऑलिव्हर हेव्हिसाइड या दोघांनी स्वतंत्रपणे एकच उत्तर सुचवले : वर कुठेतरी विजेचा वाहक असा थर असला पाहिजे. ही कल्पना तशी जुनी होती. होकायंत्राची सुई रोज ठरावीक वेळी किंचित का हलते याचे कारण शोधताना बाल्फोर स्ट्यूअर्टने १८८२ मध्येच वरच्या हवेत विद्युतप्रवाह असल्याचे सुचवले होते. आयनांबराची पहिली चाहूल रेडिओच्या आधी चुंबकसूचीला लागली होती, आणि सूची व रेडिओ यांचे हे नाते पुढे सुटले नाही.

थर खरोखरच आहे याचा पुरावा डिसेंबर १९२४ मध्ये मिळाला. एडवर्ड ॲपलटन आणि माइल्स बार्नेट यांनी बीबीसीच्या बोर्नमथ केंद्राची वारंवारता हळूहळू बदलायला लावली आणि जमिनीलगत आलेली व वरून परतलेली लहर यांची गाठ ऑक्सफर्डजवळ तपासली. वर्षभरात अमेरिकेत ग्रेगरी ब्राइट आणि मर्ल ट्यूव यांनी लहरीचे छोटे तुकडे वर सोडून प्रतिध्वनीला लागणारा वेळ मोजला. थरांची उंची मोजणारे आजचे आयनोसोंड हे यंत्र याच युक्तीवर चालते. ॲपलटनला १९४७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी कोलकात्याच्या शिशिरकुमार मित्रा यांचा ‘द अपर ॲटमॉस्फिअर’ हा ग्रंथ एशियाटिक सोसायटीने काढला आणि पुढे बरीच वर्षे तो या विषयाचा पायाभूत ग्रंथ राहिला.

थरांना डी, ई आणि एफ अशी नावे आहेत. सर्वांत खालचा डी थर साधारण ९० किलोमीटरपर्यंत असतो आणि फक्त दिवसा असतो. तिथली हवा तुलनेने दाट, त्यामुळे लहरीने हलवलेला इलेक्ट्रॉन लगेच एखाद्या रेणूवर आपटतो आणि लहरीची ऊर्जा उष्णतेत जाते. मध्यम लहरींवर दूरच्या शहरांची केंद्रे रात्रीच लागतात, ती डी थर मावळलेला असतो म्हणून. सर्वांत वरचा एफ थर रात्रीही टिकतो. २५० ते ४०० किलोमीटरच्या दरम्यान त्याची घनता सर्वाधिक असते. लघुलहरींचा दूरचा प्रवास मुख्यतः त्याच्या भरवशावर चालतो. तिथे एका घनमीटरमध्ये एक लाख कोटी इलेक्ट्रॉन असतील, तर सरळ वर सोडलेली ९ मेगाहर्ट्झपर्यंतची लहर परत येते. घनता चौपट झाली की ही मर्यादा दुप्पट होते. तिरकस सोडलेल्या लहरीला मर्यादा आणखी सैल असते.

अकरा वर्षांची लय

सूर्यावरचे डाग सुमारे अकरा वर्षांच्या लयीत वाढतात आणि घटतात, हे जर्मन हौशी निरीक्षक हाइनरिख श्वाबे याने १८४३ मध्ये दाखवले. डाग वाढले की अतिनील किरणे वाढतात, एफ थर दाट होतो आणि लघुलहरींच्या वरच्या पट्ट्यांवर खंड ओलांडून बोलता येते. १९५७-५८ चे आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्ष नोंदल्या गेलेल्या सर्वांत प्रबळ सौरचक्राच्या शिखरावर आले होते. हॅम म्हणजे हौशी रेडिओचालक मंडळींमध्ये त्या काळाची आठवण अजून काढली जाते.

इथवर वाद नाही. वाद आहे तो मोजमापाबद्दल. अतिनील किरणे हवेत शोषली जात असल्याने जमिनीवरून मोजता येत नाहीत. म्हणून १९४७ पासून कॅनडात नोंदला जाणारा सूर्याचा १०.७ सेंटिमीटर तरंगलांबीचा रेडिओप्रवाह त्यांच्याऐवजी वापरला जातो. २००८-०९ च्या लांबलेल्या सौरशांततेत हा पर्याय अपुरा पडला. १०.७ सेंटिमीटरचा आकडा आधीच्या नीचांकापेक्षा फारसा खाली नव्हता, पण वरचे वातावरण मात्र अपेक्षेपेक्षा थंड आणि विरळ निघाले. एका मताप्रमाणे अतिनील किरणेच खरोखर जास्त घटली होती. दुसरे मत उपग्रहांवरील मापकांच्या कालांतराने होणाऱ्या झिजेकडे बोट दाखवते. वरच्या थरांना थंड करणाऱ्या वाढत्या कार्बन डायऑक्साइडचा वाटाही काही अभ्यासक धरतात, पण एका चक्रात दिसण्याइतका तो मोठा आहे का, हे ठरलेले नाही. बहुतेकांचा कल पहिल्या मताकडे आहे.

चक्राच्या उंचीचे भाकीत हा तर जुनाच आखाडा. पंचविसाव्या चक्राबद्दल आंतरराष्ट्रीय तज्ज्ञमंडळाने डिसेंबर २०१९ मध्ये सांगितले होते की डागांचा सरासरी आकडा जुलै २०२५ च्या सुमारास ११५ वर पोचेल. एका वेगळ्या गटाने २०० हून मोठा आकडा सांगितला. प्रत्यक्षात शिखर २०२४ च्या अखेरीस, १६० च्या आसपास आले.

आठ मिनिटांत येणारा आघात

सूर्यावर ज्वाला भडकली की तिचे क्ष-किरण प्रकाशाच्या वेगाने येतात. आठ-सव्वाआठ मिनिटांनी पृथ्वीच्या उजेडाकडच्या बाजूला डी थर एकदम दाट होतो आणि लघुलहरी जणू गिळल्या जातात. जर्मनीत म्योगेलने १९३० मध्ये आणि अमेरिकेत डेलिंजरने १९३५ मध्ये अशा अचानक शांततेचा संबंध सूर्याशी जोडला. शोषण वारंवारतेच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटते, त्यामुळे खालचे पट्टे आधी बुडतात आणि सर्वांत शेवटी परत येतात. काही मिनिटांत ते एखाद-दोन तासांत सहसा सारे पूर्ववत होते. ६ सप्टेंबर २०१७ रोजी एक्स ९.३ तीव्रतेची ज्वाला उठली तेव्हा कॅरिबियन बेटांवर इर्मा हे चक्रीवादळ घोंगावत होते आणि मदतकार्याचे बरेचसे बोलणे हॅम रेडिओवर चालू होते. नेमके तेच पट्टे काही तास निकामी झाले.

अतिदीर्घ लहरींवर परिणाम वेगळा होतो. डी थर खाली सरकतो, लहरीचा मार्ग आखूड होतो आणि तिची कला (फेज) बदलते. हा बदल इतका नियमित आहे की उलटा हिशेब मांडता येतो. ४ नोव्हेंबर २००३ च्या महाज्वालेने उपग्रहांवरचे क्ष-किरण मापक संपृक्त झाले आणि तिची तीव्रता अंदाजाने एक्स २८ धरली गेली. न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठातील संशोधकांनी अतिदीर्घ लहरींच्या कलेवरून ती एक्स ४५ च्या जवळपास असल्याचे काढले. पृथ्वीचे वातावरणच तिथे मापक झाले. दोन्ही आकडे आजही वाचायला मिळतात.

ज्वालेबरोबर सूर्य स्वतः रेडिओगोंगाट करतो, तोही ध्यानात घ्यावा लागतो. फेब्रुवारी १९४२ मध्ये ब्रिटनची रडारयंत्रणा बधिर झाली, तेव्हा जर्मनांनी काही खोडी काढली असावी असा संशय आला; जे. एस. हे यांनी शोध घेतल्यावर उगम सूर्यावरच्या एका मोठ्या डागसमूहात सापडला. २३ मे १९६७ रोजी अमेरिकेच्या क्षेपणास्त्र-इशारा रडारांवर असाच गोंगाट आला. तो सोव्हिएत डाव नव्हे हे सौरनिरीक्षकांनी वेळेवर सांगितल्यामुळे अणुबाँबवाहू विमाने जमिनीवरच राहिली. डिसेंबर २००६ मधला स्फोट सौरचक्र ओसरलेले असताना आला आणि उजेडाकडच्या अर्ध्या पृथ्वीवरचे जीपीएस ग्राहक त्याने गोंधळवले. चक्र उतरले म्हणजे धोका टळला, हा समज तिथे मोडला.

चुंबकीय वादळ

ज्वालेचा धक्का तासाभराचा असतो, चुंबकीय वादळाचा मुक्काम दिवसांचा. सूर्याच्या प्रभामंडलातून प्लाझ्माचा प्रचंड लोट सुटतो. त्याला कोरोनल मास इजेक्शन किंवा सीएमई म्हणतात. तो साधारण एक ते तीन दिवसांत पृथ्वीशी येतो. त्याच्यासोबत आलेले चुंबकीय क्षेत्र दक्षिणेकडे वळलेले असेल तर ते पृथ्वीच्या क्षेत्राशी जोडले जाते आणि ऊर्जा आत शिरते. ही प्रक्रिया जेम्स डंगीने १९६१ मध्ये मांडली. क्षेत्र उत्तरेकडे असेल तर तेवढाच मोठा लोट फारसे काही न करता निघून जातो. वादळाची तीव्रता पृथ्वीभोवतीच्या वलयप्रवाहामुळे विषुववृत्ताजवळ चुंबकीय क्षेत्र किती घटले यावरून ठरवतात. मार्च १९८९ मध्ये कॅनडातल्या क्वेबेकची वीज नऊ तास गेली तेव्हा ही घट ५८९ नॅनोटेस्ला होती. मे २०२४ मध्ये ती ४०० च्या पलीकडे गेली, आणि लडाखमधल्या हानले येथील वेधशाळेच्या कॅमेऱ्यांनी क्षितिजावर तांबूस उजेड टिपला.

वादळात एफ थराचे काय होते? युरोप-अमेरिकेच्या अक्षांशांवरचे उत्तर ठरावीक आहे : पहिल्या काही तासांत घनता बहुधा वाढते, मग घसरते आणि दिवस-दोन दिवस घसरलेलीच राहते. घसरणीचे कारण आता सर्वमान्य म्हणता येईल. ध्रुवांजवळ तापलेली हवा फुगते, खालची नायट्रोजनयुक्त हवा वर येते, वारे तिला कमी अक्षांशांकडे लोटतात, आणि त्या हवेत आयन व इलेक्ट्रॉन लवकर एकत्र येऊन नाहीसे होतात. सीटन यांनी १९५६ मध्ये हवेच्या घटकांकडे लक्ष वेधले होते. उपग्रहांनी ते पुढे खरे ठरवले. अशा वेळी वरचे पट्टे आधी जातात, म्हणून रेडिओचालकाने खाली सरकायचे. ज्वालेच्या वेळी याच्या नेमके उलट, वर सरकायचे. हे दोन प्रसंग एकमेकांत मिसळले की सल्ला हमखास चुकतो.

सुरुवातीच्या वाढीबद्दल मात्र एकमत नाही. एक पक्ष वाऱ्यांना श्रेय देतो : विषुववृत्ताकडे धावणारे वारे प्लाझ्माला चुंबकरेषांवरून वर ढकलतात, आणि वर विरळ हवेत तो जास्त काळ टिकतो. दुसरा पक्ष विद्युतक्षेत्राला मुख्य मानतो. तिसरा म्हणतो की वाहून आलेल्या हवेत ऑक्सिजनच अधिक असतो. प्रत्येकाकडे आपल्या बाजूची वादळे आहेत. खरी अडचण ही की तिन्ही कारणे एकाच वेळी काम करतात आणि वाऱ्यांची थेट मोजमापे फार तोकडी आहेत.

चुंबकीय विषुववृत्ताजवळ

वरचे वर्णन भारताच्या आकाशाला तसेच्या तसे लागू पडत नाही. चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकाजवळून जाते. १९६३ मध्ये रॉकेट उडवण्यासाठी थुंबा निवडले गेले ते याच कारणाने. तिथे चुंबकरेषा आडव्या असतात. दिवसा पूर्वेकडे रोखलेले विद्युतक्षेत्र प्लाझ्माला वर उचलते, आणि मग तो कारंज्यासारखा दोन्ही बाजूंना उतरतो. त्यामुळे ऐन विषुववृत्तावर खळगा पडतो आणि दोन्हीकडे पंधरा-वीस अंशांवर दाट माथे तयार होतात. ॲपलटनने १९४६ मध्ये वर्णिलेली हीच विषुववृत्तीय विसंगती. उत्तरेचा माथा साधारण अहमदाबाद–भोपाळ–कोलकाता या पट्ट्यावर येतो. महाराष्ट्र खळगा आणि माथा यांच्यामधल्या उतारावर आहे, आणि उतारावरची घनता थोड्याच अंतरात बदलते. नारायणगावजवळच्या जीएमआरटी दुर्बिणीला खालच्या वारंवारतांवर काम करताना या बदलांची भरपाई करावी लागते. तोच डेटा उलटा वापरून काही संशोधकांनी आयनांबराचाच अभ्यास केला आहे.

सूर्यास्तानंतर इथे आणखी एक प्रकार घडतो. खालचा आधार झपाट्याने विरतो, वर जड प्लाझ्मा राहतो, आणि पाण्यावर तेलाऐवजी तेलावर पाणी ठेवल्यासारखी स्थिती होते. खालून विरळ प्लाझ्माचे बुडबुडे फुटून शेकडो किलोमीटर वर चढतात. त्यांच्या कडांवरून येणारे उपग्रहांचे संकेत ताऱ्यासारखे लुकलुकतात. १९३८ मध्ये बुकर आणि वेल्स यांनी पेरूमधल्या हुआनकायो येथे याची पहिली खूण नोंदली; १९७६ मध्ये वुडमन आणि ला होझ यांनी रडारचित्रांतून बुडबुड्यांचा आकार दाखवला. कोल्हापूरजवळ बसवलेल्या कॅमेऱ्यांनी रात्रीच्या तांबड्या वायुदीप्तीत हेच बुडबुडे काळ्या पट्ट्यांच्या रूपात टिपले आहेत. भारतात त्यांचा जोर विषुवदिनांच्या आसपास असतो.

वादळ आले की बुडबुडे वाढतात की दबतात? दोन्ही होते, आणि इथेच या विषयाचा सर्वांत रंगलेला वाद आहे. वादळ विषुववृत्तापर्यंत दोन वाटांनी पोचते. ध्रुवीय भागातले विद्युतक्षेत्र काही मिनिटांत थेट आत घुसते आणि सायंकाळच्या बाजूला प्लाझ्माला आणखी वर उचलते. ही वाट बुडबुड्यांना पोषक. दुसरी वाट १९८० मध्ये ब्लँक आणि रिचमंड यांनी समजावली : तापलेल्या हवेचे वारे काही तासांनी उलट्या दिशेचे क्षेत्र निर्माण करतात. ते संध्याकाळची उचल मारून टाकते, पण मध्यरात्रीनंतर उलट बुडबुड्यांना वाव देते. जूल्स आरन्स यांनी १९९१ मध्ये सोपा नियम सुचवला : वलयप्रवाहाचे शिखर स्थानिक दुपारी आले तर बुडबुडे दबतात, मध्यरात्र ते पहाट या वेळी आले तर उठतात, सूर्यास्ताच्या सुमारास आले तर फरक पडत नाही. नियम बऱ्याचदा जुळतो. अपवादही भरपूर निघाल्यामुळे, शिखराच्या वेळेपेक्षा सूर्यास्ताच्या क्षणी क्षेत्र कुठल्या दिशेला होते हे बघावे, असे नंतरचे अभ्यासक म्हणतात. १७ मार्च २०१५ चे वादळ त्यांच्या बाजूने बोलते. त्या संध्याकाळी भारतावर थर जोरात उचलला जाऊन लुकलुक तीव्र झाली, आणि दुसऱ्या रात्री बुडबुडे जवळजवळ गायबच होते. एकाच वादळाने लागोपाठच्या दोन रात्री दोन उलट निकाल दिले.

भर म्हणजे सूर्य शांत असतानाही बुडबुडे रोज सारखे नसतात. जानेवारी २००९ मध्ये ध्रुवावरच्या स्थितांबरात अचानक तापमानवाढ झाली तेव्हा चुंबकीय वादळ नसताना विषुववृत्तीय आयनांबर ढवळून निघाले. तेव्हापासून खालून, म्हणजे हवामानाकडून येणाऱ्या लाटांना गंभीरपणे घेतले जाऊ लागले. रोजच्या चढउतारात सूर्याचा वाटा किती आणि खालच्या हवेचा किती, याची वाटणी अजून झालेली नाही.

उपग्रहांचे संकेत

जीपीएसची लहर आयनांबरातून आरपार येते, पण उशिरा. वाटेतल्या एक चौरस मीटरच्या स्तंभात एक कोटी-कोटी इलेक्ट्रॉनांचे शंभर गठ्ठे असतील, तर एल-१ या वारंवारतेवर १६ सेंटिमीटरची चूक होते. अभ्यासक याला एक एकक धरतात. सौरशिखराच्या काळात दुपारी विसंगतीच्या माथ्यावर शंभराहून अधिक एकके साठतात, म्हणजे चूक सोळा मीटरच्या वर. दोन वारंवारता वापरणारा ग्राहक ही चूक काढून टाकू शकतो. एकाच वारंवारतेचा साधा ग्राहक मात्र प्रतिमानावर विसंबतो, आणि ते साधारण निम्मीच चूक सुधारते. भारताच्या ‘नाविक’ या उपग्रह-दिशादर्शन प्रणालीने एल-५ सोबत एस पट्टा घेतला आहे; वारंवारता जास्त असल्याने तिथे विलंब कमी पडतो.

सुधारणेपेक्षा कठीण प्रश्न उताराचा. २० नोव्हेंबर २००३ च्या वादळात अमेरिकेतल्या ओहायोवर विलंबात किलोमीटरमागे ४१२ मिलिमीटर इतका फरक मोजला गेला. विमान उतरवणाऱ्या यंत्रणेला असा उतार फसवतो. त्या शरदातल्या वादळांत अमेरिकेच्या ‘वास’ (डब्ल्यूएएएस) या जीपीएस सुधारून देणाऱ्या प्रणालीची उंचीविषयक सेवा कित्येक तास बंद राहिली. प्रणालीने चुकीची माहिती देण्याऐवजी सेवा थांबवली, आणि ते तिच्या रचनेप्रमाणेच झाले. इस्रो आणि विमानतळ प्राधिकरणाच्या ‘गगन’ या तशाच प्रणालीपुढे हाच प्रश्न रोजचा होता. आयनांबर ३५० किलोमीटरवरचा एक पातळ पापुद्रा मानण्याची परदेशी रीत इथे पुरली नाही, म्हणून एकाहून अधिक थरांचे प्रतिमान बांधावे लागले. एप्रिल २०१५ मध्ये गगनला उंचीच्या मार्गदर्शनासह विमान उतरवण्याचे प्रमाणपत्र मिळाले. लुकलुकीमुळे एकाच वेळी अनेक उपग्रहांची पकड सुटणे हे दुखणे मात्र कुठल्याच प्रतिमानाने बरे होत नाही. मे २०२४ मध्ये ऐन पेरणीत अमेरिकी शेतकऱ्यांचे जीपीएसवर चालणारे ट्रॅक्टर भरकटले. ते प्रकरण गाजले. विषुववृत्ताजवळची रोजची लुकलुक तितकी बातमीत येत नाही.

भाकिताची मर्यादा

सीएमई निघाल्याचे कळते, ती कधी पोचेल याचा अंदाज काही तासांच्या चुकीसह येतो. तिच्यातले चुंबकीय क्षेत्र दक्षिणेकडे आहे की नाही हे मात्र ती पृथ्वीपासून सूर्याच्या दिशेने १५ लाख किलोमीटरवरच्या एल-१ या बिंदूवर येईपर्यंत खात्रीने सांगता येत नाही. तिथून पृथ्वीपर्यंत अर्धा ते एक तास. जानेवारी २०२४ पासून तिथे असलेले भारताचे आदित्य एल-१ यान याच क्षेत्राची आणि सौरवाऱ्याची मोजणी करते. त्यावरची अतिनील दुर्बीण पुण्याच्या आयुकात तयार झाली. क्षेत्राची दिशा आधी कळावी म्हणून काही गट सूर्यावरच्या उद्रेकाच्या वळणावरून अंदाज बांधतात, काही यंत्रशिक्षणावर भर देतात. यंत्रशिक्षणाची प्रतिमाने सामान्य दिवसांवर चांगली उतरतात, पण मोठी वादळे मुळात इतकी थोडी की शिकायला उदाहरणेच पुरत नाहीत.

१८५९ चा आकडा

वादळ जास्तीत जास्त केवढे होऊ शकते, या प्रश्नाचा मुख्य पुरावा मुंबईत आहे. १ सप्टेंबर १८५९ रोजी रिचर्ड कॅरिंग्टनने सूर्यावर पांढरी ज्वाला पाहिली. साडेसतरा तासांच्या आसपास वादळ येऊन थडकले आणि २ सप्टेंबरला दुपारच्या आधी कुलाब्याच्या वेधशाळेतल्या निरीक्षकांनी डोळ्यांनी वाचून, हाताने लिहून ठेवलेल्या नोंदींत आडवे क्षेत्र सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी कोसळले. एकूण क्षेत्राच्या ते चार टक्क्यांच्या घरात जाते. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून ही चुंबकीय मापने १९०४ मध्ये अलिबागला हलवली गेली. जुन्या वह्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे जपल्या गेल्या.

ब्रूस त्सुरुतानी, जी. एस. लखीना आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये या नोंदी पुढे आणल्या आणि वादळाची तीव्रता १९८९ च्या जवळजवळ तिप्पट ठरवली. आक्षेप लगेच आले. इतकी खोल घट आणि दोन-अडीच तासांत तिची भरपाई, हे वलयप्रवाहाच्या सवयीत बसत नाही. ध्रुवीय प्रवाहांची किंवा चुंबकरेषांवरून वाहणाऱ्या प्रवाहांची त्यात भेसळ असावी, असे एका पक्षाचे म्हणणे आहे. सिस्को आणि सहकाऱ्यांनी ताशी सरासरी काढली तर आकडा ८५० च्या आसपास आला, आणि तीव्रतेचे आजचे मोजमाप ताशी सरासरीवरच चालते. मूळ गटाचे उत्तर असे की ध्रुवीय प्रवाह मुंबईपर्यंत खाली येणे हेच जास्त अवघड आहे. एका ठिकाणच्या वाचनावर साऱ्या जगाची तीव्रता ठरवावी का, हा प्रश्न दोन्ही पक्षांना लागू होतो.

त्या दिवशी आयनांबरात काय झाले याची तर एकही नोंद नाही. आयनोसोंड यायला पासष्टहून अधिक वर्षे होती. कॅरिंग्टनच्या तोडीचे वादळ आज आले तर मुंबईवर इलेक्ट्रॉनांचा साठा किती वाढेल, माथा किती उत्तरेकडे सरकेल, याचे जे आकडे मांडले जातात ते २००३ आणि त्यानंतरच्या वादळांवरून पुढे ताणलेले आहेत. कुलाब्याचा खरा आकडा १६०० मानायचा की ८५०, यावर ते जवळजवळ दुपटीने बदलतात.